‘इजा न करण्याचा’ नियम : विक्का पंथाची जादूविषयक नीती आणि ख्रिस्ती परंपरा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य जगात जे नवे धर्मपंथ उदयास आले, त्यांत ‘विक्का’ या पंथाचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. ख्रिस्तपूर्व युरोपातील देवतांची उपासना, ऋतुचक्रावर आधारलेले उत्सव, देव आणि देवी या दोन्ही रूपांत दैवी तत्त्वाची कल्पना आणि विधिपूर्वक केलेली जादू ही या पंथाची प्रमुख अंगे होत. इंग्लंड आणि वेल्स येथील २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार व्यक्तींनी आपला धर्म ‘पेगन’ असा, तर सुमारे १३ हजार व्यक्तींनी ‘विक्का’ असा नोंदविला. लोकसंख्येच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत. तथापि ज्या शब्दाखाली तीन शतकांपूर्वीपर्यंत माणसे फासावर जात होती, तोच शब्द आज हजारो सुशिक्षित नागरिक स्वतःच्या धर्माचे नाव म्हणून सन्मानाने धारण करतात, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

या पंथाच्या नीतिविचाराचे दोन आधारस्तंभ मानले जातात. कोणालाही इजा होणार नाही अशा रीतीने आपल्या इच्छेप्रमाणे वागावे, हा पहिला. आणि केलेल्या कृतीचे फळ कर्त्याकडे तिपटीने परत येते, हा दुसरा. ही दोन्ही तत्त्वे अतिप्राचीन असून ती ख्रिस्ती नीतीहून मूलतः निराळी आहेत, अशी समजूत पंथाच्या अनुयायांत आणि विरोधकांतही दीर्घकाळ प्रचलित होती. ही तत्त्वे लेखी स्वरूपात केव्हा, कोणत्या परिस्थितीत व कोणत्या साधनांतून आकारास आली याचा शोध घेणे आणि त्या आधारे ख्रिस्ती नीतिपरंपरेशी त्यांची तुलना करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

संज्ञांविषयी थोडेसे :

‘पेगन’ हा शब्द लॅटिन ‘पागानुस’ या शब्दावरून आला. त्याचा मूळ अर्थ ग्रामीण भागातील रहिवासी असा होता. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाल्यावर, जे ख्रिस्ती नाहीत त्यांना उद्देशून तो वापरला जाऊ लागला. म्हणजे हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नव्हते. ते इतरांनी त्यांना दिले होते. मराठीत त्यासाठी ‘मूर्तिपूजक’ किंवा ‘पाखंडी’ असे प्रतिशब्द पूर्वी योजले गेले; परंतु त्यांत मिशनरी दृष्टिकोनाची छाया असल्याने येथे ‘पेगन’ हाच शब्द ठेवला आहे.

‘विच’ या शब्दाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्याचे मराठी भाषांतर ‘चेटकीण’ किंवा ‘डाकीण’ असे केल्यास मराठी वाचकासमोर एक आरोप उभा राहतो. नंदुरबारसारख्या आदिवासी भागात ‘डाकीण’ ठरविलेल्या स्त्रीचा छळ होतो, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा प्रकारे एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा आळ घेऊन तिला त्रास देणे हा दंडनीय अपराध ठरविला आहे. विक्का पंथाचा अनुयायी स्वतःला ‘विच’ म्हणवतो तेव्हा तो एक स्वेच्छेने स्वीकारलेली धार्मिक ओळख सांगत असतो. आरोप आणि ओळख यांतील हे अंतर दृष्टीआड झाल्यास पुढील विवेचनाचा विपर्यास होईल, म्हणून त्याचा येथे प्रारंभीच उल्लेख केला आहे.

कायदा, आरोप आणि नव्या पंथाचा उदय :

इंग्लंडमध्ये चेटूक हा गुन्हा ठरविणारे कायदे १५४२, १५६३ आणि १६०४ मध्ये करण्यात आले. यांतील अखेरचा कायदा १७३५ च्या अधिनियमाने रद्द झाला. नव्या अधिनियमाची भूमिका पूर्णतः भिन्न होती. चेटूक नावाची शक्तीच अस्तित्वात नाही, असे गृहीत धरून ती आपल्याजवळ असल्याचा बहाणा करणाऱ्यास त्याने एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. पूर्वी ज्यास ईश्वरद्रोही समजले जाई, त्यास कायदा आता लबाड समजू लागला. हाच अधिनियम १९४४ मध्ये हेलन डंकन या प्रेतात्म्यांशी संवाद साधण्याचा दावा करणाऱ्या स्कॉटिश स्त्रीवर लावण्यात आला आणि तिला नऊ महिन्यांची शिक्षा झाली. आत्मवादी संघटनांच्या प्रयत्नांमुळे १९५१ मध्ये तो रद्द होऊन त्याच्या जागी भोंदू माध्यमांविषयीचा कायदा आला.

या बदलाचा लाभ जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांनी घेतला. त्यांचे आयुष्य सिलोन, बोर्निओ आणि मलाया येथे चहा व रबराच्या मळ्यांवर आणि नंतर वसाहतीच्या सेवेत गेले होते. मलायी ‘क्रिस’ या खंजिरावरील त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडला परतल्यावर १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त मंडळात आपल्याला दीक्षा मिळाली, असे त्यांचे म्हणणे होते. जुना कायदा लागू असताना, १९४९ मध्ये, त्यांनी या विषयावर टोपणनावाने एक कादंबरी लिहिली. कायदा रद्द झाल्यानंतर १९५४ मध्ये ‘विचक्राफ्ट टुडे’ हा ग्रंथ स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. कादंबरीच्या आडोशाने सांगावे लागलेले आता उघडपणे सांगता येऊ लागले.

मात्र कायद्याचे भय गेले तरी लोकापवाद राहिला. १९५० च्या दशकात लंडनच्या रविवारच्या वृत्तपत्रांनी या मंडळांविषयी सनसनाटी मजकूर छापला. सैतानाची पूजा, रक्तबळी, अनीती हे शतकानुशतकांचे आरोप नव्या मथळ्यांखाली परत आले. त्यामुळे या नवजात पंथाला आपल्या अस्तित्वाच्या पहिल्या दशकातच एका प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले : तुमच्या हातून कोणाचे वाईट होत नाही, हे कशावरून? विक्काच्या नीतिसूत्राची घडण या प्रश्नाच्या संदर्भात पाहणे आवश्यक आहे.

प्राचीनत्वाचा दावा आणि त्याची परीक्षा :

गार्डनर यांनी आपल्या पंथास प्राचीन धर्माचा अवशेष मानले. त्यासाठी त्यांना आधार मिळाला तो मार्गारेट मरे यांच्या सिद्धांताचा. मरे यांचा जन्म कलकत्त्याचा (१८६३). त्या इजिप्तविद्येच्या नामवंत अभ्यासक होत्या. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की चेटकाच्या आरोपाखाली मारले गेलेले लोक वस्तुतः ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेल्या एका संघटित धर्माचे अनुयायी होते. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या १९२९ च्या आवृत्तीत या विषयावरील नोंद त्यांचीच असल्याने हे मत सर्वमान्य आहे असा समज पसरला. गार्डनर यांच्या १९५४ च्या ग्रंथाला प्रस्तावनाही मरे यांनीच लिहिली.

पुढील संशोधनाने हा सिद्धांत टिकू दिला नाही. कीथ थॉमस (१९७१) आणि नॉर्मन कोन (१९७५) यांनी मूळ खटल्यांच्या कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिले, की मरे यांनी आपल्या मताला प्रतिकूल असणारा मजकूर गाळून साक्षींचे उतारे दिले होते, आणि अशा कोणत्याही संघटित धर्माचा पुरावा मिळत नाही. रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात विक्काची घडण एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील साहित्य, लोकविद्या, फ्रीमेसनरी व विधिजादूच्या संघटना यांतून कशी झाली, याचा साधार आलेख मांडला.

बळींच्या संख्येबाबतही असेच घडले. नव्वद लाख लोक जाळले गेले, हा आकडा अठराव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन लेखकाने तोकड्या स्थानिक नोंदींवरून काढला होता. गार्डनर यांनी तो स्वीकारला आणि तो पंथाच्या स्मृतीचा भाग बनला. आधुनिक इतिहासकारांच्या मते इ. स. १४५० ते १७५० या काळात युरोपात सुमारे ४० ते ६० हजार व्यक्तींना या आरोपाखाली देहदंड झाला. शिवाय इंग्लंडमध्ये या गुन्ह्याची रूढ शिक्षा फाशी ही होती, जाळणे नव्हे. संख्या कमी झाली म्हणून अन्याय कमी होत नाही; परंतु जे मारले गेले ते बहुतांशी ख्रिस्तीच होते आणि आपण निरपराध आहोत असे सांगत मेले, हे सत्य ‘प्राचीन धर्माचे हुतात्मे’ या कल्पनेत झाकले जाते.

नियमाची घडण :

इजा न करण्याच्या नियमाचा पूर्वेतिहास आणखी उद्बोधक आहे. गार्डनर यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात विक्काच्या नीतीचा उल्लेख करताना ‘पोझोल’ नावाच्या दंतकथेतील भल्या राजाच्या वचनाचा हवाला दिला. हा राजा कोणत्याही प्राचीन दंतकथेतील नाही. फ्रेंच लेखक पियेर लुईस यांच्या १९०१ मधील एका विनोदी कादंबरीचा तो नायक आहे; शेजाऱ्याला इजा करू नये आणि तेवढे सांभाळून मनास येईल ते करावे, अशी त्याच्या राज्याची संहिता आहे.

‘इच्छेप्रमाणे वाग’ या अर्ध्या भागाचा दुसरा स्रोत ॲलिस्टर क्रौली हा होय. कैरो येथे १९०४ मध्ये लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने इच्छा हाच एकमेव नियम मानला. मात्र इच्छा म्हणजे लहर नव्हे, तर व्यक्तीच्या जीवनाचे खरे प्रयोजन, असा त्याचा खुलासा होता. गार्डनर यांनी १९४७ मध्ये क्रौलीची भेट घेतली होती आणि आपल्या विधिग्रंथात त्याचे उतारे समाविष्ट केले होते. क्रौलीने आपल्या पंथास ‘थेलेमा’ हे ग्रीक नाव दिले. हेच नाव फ्रान्स्वा राब्ले याने सोळाव्या शतकात, सुमारे १५३४ मध्ये, ‘गार्गांत्युआ’ या कृतीत कल्पिलेल्या मठाला दिले होते. त्या मठाचाही इच्छेप्रमाणे वागणे हा एकच नियम होता. राब्ले स्वतः आधी फ्रान्सिस्कन व नंतर बेनेडिक्टाइन संन्यासी होता. सुसंस्कृत आणि मुक्त माणसाची प्रवृत्ती स्वभावतःच सद्गुणाकडे असते, हा ख्रिस्ती मानवतावादी विश्वास त्याच्या कल्पनेमागे आहे. अशा रीतीने पेगन नीतीचे म्हणून ओळखले जाणारे सूत्र मागे मागे नेले असता त्याचा एक धागा एका ख्रिस्ती मठवासीयाच्या लेखणीपाशी पोहोचतो.

या सामग्रीस आजचे स्वरूप देण्याचे कार्य डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–१९९९) यांनी केले. त्यांना गार्डनर यांच्याकडून १९५३ मध्ये दीक्षा मिळाली. विधिग्रंथातील क्रौलीचे उतारे त्यांनी ओळखले आणि गार्डनर यांना त्याविषयी विचारले. तुम्हाला याहून चांगले लिहिता येत असेल तर लिहा, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्यावर त्यांनी त्यातील बराच भाग नव्याने रचला. गार्डनर यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, एका मेजवानीच्या प्रसंगी केलेल्या भाषणात व्हॅलिएंटे यांनी इजा न करण्याचे सूत्र यमकबद्ध दोन ओळींत सांगितले. आज ‘रीड’ म्हणजे उपदेशवचन म्हणून ते सर्वत्र ओळखले जाते. अमेरिकेत १९७५ मध्ये याच सूत्रावर संपणारे एक दीर्घ पद्य परंपरागत वारसा म्हणून प्रसिद्ध झाले. सारांश, १९५९ ते १९७५ या सोळा वर्षांच्या अवधीत एका कादंबरीतील राजाचे वचन एका धर्माचे मूलसूत्र बनले.

तिप्पट फळाचा नियम :

दुसऱ्या तत्त्वाची कथाही अशीच आहे. गार्डनर यांच्या १९४९ च्या कादंबरीत दीक्षाविधीच्या प्रसंगी साधकास असे बजावले जाते, की तुला जे मिळाले ते तू तिपटीने परत करण्यास बांधलेला आहेस. येथे तिप्पट परतफेड हे साधकाचे कर्तव्य आहे. पुढील काळात, विशेषतः अमेरिकेत विक्का नेणाऱ्या रेमंड बकलंड यांच्या लेखनातून, त्याचे रूपांतर विश्वाच्या नियमात झाले : जे कराल ते तिपटीने तुमच्याकडे येईल. कर्तव्याची जागा परिणामाने घेतली आणि कृतज्ञतेची जागा सावधगिरीने घेतली.

या रूपांतराचे स्पष्टीकरण देताना पंथाचे लेखक ‘कर्म’ हा भारतीय शब्द सर्रास वापरतात. तो पाश्चात्त्य गूढविद्येच्या परिभाषेत रुजविण्यात थिऑसॉफिकल सोसायटीचा वाटा मोठा होता. या संस्थेचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईस आले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईतूनच ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू झाले. १८८२ च्या अखेरीस संस्थेचे केंद्र मद्रासजवळील अड्यार येथे हलेपर्यंत मुंबई हेच तिचे मुख्य स्थान होते. तथापि शब्द तोच असला तरी आशय बदलला. भारतीय दर्शनांतील कर्मसिद्धांत जन्मांतराच्या बंधनाशी आणि त्यातून सुटण्याच्या मोक्षकल्पनेशी निगडित आहे. तेथे सत्कर्माचे फळही अखेर बंधनच ठरते. विक्काच्या नियमात मोक्षाची अपेक्षा नाही. फळ याच जन्मात, लवकर आणि ठरावीक पटीत मिळते. मराठी वाचकाने ‘कर्म’ हा ओळखीचा शब्द पाहून दोन्ही कल्पना एकच मानू नयेत.

ख्रिस्ती नीतीशी तुलना :

वरील पार्श्वभूमीवर दोन्ही परंपरांची तुलना चार मुद्द्यांच्या आधारे करता येते.

पहिला मुद्दा जादूकडे पाहण्याच्या दृष्टीचा. चौथ्या-पाचव्या शतकांत संत ऑगस्टीनने जादूचे सामर्थ्य दुष्ट आत्म्यांशी असलेल्या संबंधातून येते असे मानले आणि उद्देश कोणताही असो, तिचा निषेध केला. म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्रात प्रश्न ‘कोणाच्या सामर्थ्याने’ हा आहे. विक्कात तो ‘कोणत्या हेतूने व कोणत्या परिणामाने’ असा आहे. आजाऱ्यास बरे करणारी जादू पहिल्या दृष्टीने पाप ठरू शकते, तर दुसऱ्या दृष्टीने पुण्य. मात्र ख्रिस्ती परंपरा या बाबतीत एकसुरी नव्हती. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या एका चर्चवचनाने रात्री आकाशातून उडणाऱ्या स्त्रियांच्या कथा भ्रम म्हणून फेटाळल्या होत्या. १४८० च्या दशकात चेटकिणींच्या शोधाचे कुप्रसिद्ध पाठ्यपुस्तक लिहिणारा हाइनरिख क्रॅमर डोमिनिकन संन्यासी होता. पण छळाने मिळविलेल्या कबुलीजबाबांचा धिक्कार करणारा १६३१ चा ग्रंथ लिहिणारा फ्रीडरिख स्पे हाही जेझुइट पाद्रीच होता. स्पेनमधील आलोन्सो दे सालाझार या इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्याने बास्क प्रदेशातील शेकडो कबुलीजबाब तपासून त्यांत प्रत्यक्ष चेटकाचा पुरावा नसल्याचा अहवाल दिला.

दुसरा मुद्दा नियमाच्या स्वरूपाचा. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील सुवर्णनियम विधायक आहे. इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण वागावे, अशी त्याची मागणी आहे. विक्काचा नियम मर्यादा घालणारा आहे; इजा टाळल्यावर तो माणसाला मोकळा सोडतो. या दृष्टीने तो जॉन स्टुअर्ट मिल याच्या १८५९ च्या स्वातंत्र्यविषयक विचाराला अधिक जवळचा वाटतो. दुसरीकडे, पाचव्या शतकाच्या आरंभी योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचन करताना ऑगस्टीननेही प्रेमाची अट घालून इच्छेप्रमाणे वागण्याची मुभा दिली होती. दोन्ही ठिकाणी स्वातंत्र्य आहे आणि त्याला एक अट आहे; एका ठिकाणी ती अट प्रेमाची, दुसऱ्या ठिकाणी अहिंसेची.

तिसरा मुद्दा दुसऱ्याच्या संमतीचा. एखाद्या व्यक्तीने आपल्यावर प्रेम करावे म्हणून केलेली जादू निषिद्ध आहे, असे विक्काचे बहुतेक आचार्य सांगतात, कारण त्यामुळे त्या व्यक्तीच्या इच्छेवर आक्रमण होते. काहींनी तर रुग्णाला न विचारता त्याच्या आरोग्यासाठी जादू करण्यासही हरकत घेतली आहे. ख्रिस्ती भाविक दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना सामान्यतः अशी अनुमती घेत नाही. परंतु फलाचा निर्णय ईश्वरावर सोपविला आहे, हे तेथे गृहीत असते. जो फल स्वतः घडवितो असे मानतो, त्याच्यावर संमतीची जबाबदारी अधिक पडते. जादूविषयक नीतीतील हा विचार विशेष दखल घेण्याजोगा आहे.

तरीही ‘इजा’ म्हणजे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. हिटलरने इंग्लंडवर स्वारी करू नये म्हणून १९४० मध्ये न्यू फॉरेस्टमधील मंडळाने त्याच्या मनावर प्रभाव टाकणारा विधी केला, असे गार्डनर यांनी लिहिले आहे. त्यास स्वतंत्र पुरावा नाही. परंतु पंथाने ही कथा अभिमानाने जपली. शत्रूच्या मनावरील आक्रमण येथे समर्थनीय ठरले. अमेरिकेतील स्त्रीवादी पेगन नेत्या झुझॅना बुडापेस्ट यांनी बलात्काऱ्यांविरुद्ध शाप योजण्याचे उघड समर्थन केले आणि अन्यायाच्या प्रसंगी हात बांधून बसणे हीही इजाच आहे, या युक्तिवादास वाट करून दिली. बायबलमधील काही स्तोत्रांत, विशेषतः १०९ व्या स्तोत्रात, शत्रूला दिलेले कठोर शाप आहेत. वैऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेशी त्यांचा मेळ घालताना ख्रिस्ती भाष्यकारांनाही अशाच अडचणीला तोंड द्यावे लागले आहे.

चौथा मुद्दा चुकलेल्या माणसाचा. ख्रिस्ती धर्मात पाप, पश्चात्ताप, कबुली आणि ईश्वरी कृपेने क्षमा अशी एक व्यवस्था आहे. विक्का मूळ पापाची कल्पना नाकारतो आणि निरपेक्ष दुष्टतेचे प्रतीक असणारा सैतानही नाकारतो. त्यामुळे भीतीचे एक मोठे ओझे उतरते. पण तिप्पट फळाचा नियम यांत्रिक आहे. तो परतफेड करतो, क्षमा करीत नाही. ज्याच्या हातून इजा झाली त्याने पुढे काय करावे, याचे उत्तर त्या व्यक्तीच्या विवेकावर आणि ‘कव्हन’ म्हणजे साधकांच्या लहान मंडळावर सोडलेले आहे. या ठिकाणी ख्रिस्ती परंपरेपाशी शतकांचा अनुभव आहे, हे मान्य करावे लागते. उलट, चर्चच्या अधिकारयंत्रणेने या क्षमाव्यवस्थेचा अनेकदा सत्तेसाठी वापर केला, हा पेगन टीकाकारांचा आक्षेपही निराधार नाही.

अमेरिकेतील काही पेगन नेत्यांनी १९७४ मध्ये मिनिआपोलिस येथे तेरा तत्त्वांचे निवेदन स्वीकारले. ख्रिस्ती धर्माशी आपले वैर नसून एकमेव सत्यमार्ग असल्याच्या त्याच्या दाव्याला आपला विरोध आहे, अशी भूमिका त्यात घेतलेली दिसते. अमेरिकी लष्कराच्या धर्मोपदेशकांसाठीच्या १९७८ च्या पुस्तिकेत विक्काचा समावेश झाला आणि १९८६ मध्ये तेथील एका संघीय अपील न्यायालयाने डेटमर खटल्यात विक्कास धर्म म्हणून मान्यता दिली. १७३५ मध्ये ज्यास बहाणा म्हटले गेले, त्यास न्यायासनाने श्रद्धा म्हटले. वादी हा तुरुंगातील कैदी होता आणि त्याने मागितलेली विधीची साधने न्यायालयाने नाकारली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

इतिहास बदलल्यानंतरची नीती :

आता मूळ प्रश्न उरतो. प्राचीनत्व गेले, तर नियमाचे बंधन उरते काय?

या संदर्भात १९५७ चा एक प्रसंग महत्त्वाचा आहे. गार्डनर यांच्या प्रसिद्धिप्रियतेला कंटाळून व्हॅलिएंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मंडळासाठी काही नियम सुचविले. त्यावर गार्डनर यांनी, असे नियम पूर्वापार अस्तित्वात आहेत असे सांगून, जुन्या वळणाच्या इंग्रजीतील ‘प्राचीन कायदे’ पुढे केले. त्यांत जाळण्याच्या शिक्षेचे उल्लेख होते आणि वय झालेल्या प्रमुख पुजारिणीने तरुण स्त्रीसाठी स्थान सोडावे, असेही एक कलम होते. हे कायदे यापूर्वी आपल्याला कधीच का दाखविले नाहीत, असा व्हॅलिएंटे यांचा साधा प्रश्न होता. समाधान न झाल्याने त्या व त्यांचे सहकारी वेगळे झाले. म्हणजे प्राचीनत्वाचा आधार येथे नीतीच्या रक्षणासाठी नव्हे, तर एका व्यक्तीच्या सोयीसाठी वापरला गेला होता, आणि हे प्रथम ओळखले ते बाहेरच्या इतिहासकाराने नव्हे, तर पंथातील एका स्त्रीने.

पुढे १९८९ मध्ये व्हॅलिएंटे यांनी आपल्या आठवणींच्या ग्रंथात हा प्रसंग आणि विधिग्रंथाच्या रचनेतील स्वतःचा वाटा मोकळेपणाने सांगितला. त्यांनी खोटा इतिहास नाकारला, पण इजा न करण्याचे सूत्र आणि आपली श्रद्धा सोडली नाही. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘परंपरेची निर्मिती’ ही संकल्पना येथे लागू पडते. पण तिचा वापर केवळ पितळ उघडे पाडण्यासाठी केल्यास अभ्यास अपुरा राहतो. परंपरा निर्माण केली गेली, एवढे सांगून इतिहासकाराचे काम संपत नाही. ती कोणत्या गरजेपोटी निर्माण झाली, हेही त्याने सांगितले पाहिजे. विक्काच्या बाबतीत ती गरज स्पष्ट आहे. ज्यांनी शतकानुशतके आरोपाचा विषय ठरलेले नाव स्वतःहून धारण केले, त्यांना त्या आरोपाचे उत्तरही आपल्या नीतीत लिहावे लागले. आरोप इजेचा होता. म्हणून नियमही इजेविषयीचा झाला.

निष्कर्ष :

१. विक्का पंथाची दोन्ही प्रमुख नीतितत्त्वे प्राचीन नसून त्यांचे आजचे लेखी स्वरूप साधारणतः १९४९ ते १९७५ या कालखंडात सिद्ध झाले.

२. त्यांच्या घडणीत फ्रेंच कादंबरी, क्रौलीचा विचार, राब्लेचा ख्रिस्ती मानवतावाद आणि थिऑसॉफीमार्फत पोहोचलेली कर्मकल्पना अशा विविध स्रोतांचा वाटा आहे. त्यामुळे ‘पेगन’ आणि ‘ख्रिस्ती’ नीती या दोन पूर्णतः अलग वस्तू आहेत, असे मानणे ऐतिहासिकदृष्ट्या योग्य नाही.

३. दोहोंतील खरा भेद सामर्थ्याचा स्रोत, संमतीचा विचार आणि चुकीनंतरची क्षमा या तीन बाबतींत दिसतो. संमतीच्या बाबतीत विक्काचा विचार अधिक सूक्ष्म आहे, तर क्षमेच्या बाबतीत ख्रिस्ती परंपरा अधिक समृद्ध आहे.

४. छळाच्या इतिहासातील अतिशयोक्त आकडे नाकारणे म्हणजे छळ नाकारणे नव्हे. आरोपाखाली मेलेल्या सामान्य माणसांना नंतरच्या कोणत्याही पंथाचे हुतात्मे न करता त्यांचे स्वतःचे स्थान परत देणे, हे इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे.

५. एखादा नैतिक नियम जुना आहे म्हणून बंधनकारक ठरत नाही आणि नवा आहे म्हणून निरर्थकही ठरत नाही. त्याचे मोल तो पाळणाऱ्यांच्या आचरणात आणि स्वतःच्या इतिहासाविषयी खरे बोलण्याच्या त्यांच्या तयारीत शोधावे लागते.